ती लाथ कुणाची

आबा, परवा सावेडीतल्या एका शाळेत मुलींच्या तायक्वांदोच्या स्पर्धा होत्या आणि मला पाहुणी म्हणून खुर्चीत बसवलं होतं. गळ्यात हार, हातात नारळ, गुडघ्यांना पट्टे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ही काय लढाई हाय व्हय? समद्यांनी उश्या बांधल्यात!" खरंच बांधल्या होत्या. छातीवर जाड चिलखत, डोक्यावर टोप, दातांत रबर, खाली मऊ गाद्या. एका लढतीत एका पोरीनं समोरचीच्या पोटात झकास लाथ घातली, आणि लगेच वाकून तिला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला नेला. पाय लागला ना! तेवढ्यात समोरचीनं तिच्या कानशिलावर लाथ ठेवून दिली. सगळे हसले. पंच हसले, माझ्या शेजारचे मुख्याध्यापक तर खुर्चीत मागे रेलून हसले. मला काही हसू आलं नाही. माझी जीभ आपोआप खालच्या त्या जागेवर गेली जिथं दात नाही, तुम्ही पाडलेला. घरी आले, चहासुद्धा टाकला नाही आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायची भीती वाटत नाही.

तुम्ही पलटणीतून नाईक म्हणून सुटून आलात आणि घोडेगावच्या बाजारतळावर राखणदार झालात. शुक्रवारी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. बैल, म्हशी, शेरडं, रुमालाखाली एकमेकांची बोटं चाचपून भाव ठरवणारे दलाल, शिव्या, धूळ. बाकीचे दिवस नुसता मोकळा माळ आणि जनावरं बांधायचे खुंट. त्यात ती दुष्काळाची वर्षं. लोक दावणीची जनावरं मिळेल त्या भावाला देऊन टाकत होते, आणि भर बाजारात एखादा बैल बसायचा तो उठायचाच नाही. मग शेपटीला पीळ, पाठीत पराणी, तोंडावर लाथा. मॅट्रिक झालेली मी, आईच्या भाषेत घोडी, रोज ते बघत होते आणि हळूहळू मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तुडवून तुडवून तिथली शेणमाती गादीसारखी मऊ झाली होती म्हणून तुम्हाला ती जागा पसंत. "हितं पडलं तर हाड मोडत न्हाई," म्हणायचात. हाड मोडायचं नाही, बाकी सगळं व्हायचं.

सकाळी उजाडता उजाडता तुम्ही मला तिथं न्यायचात. तुमचीच जुनी खाकी पँट कापून, कमरेला सुतळी बांधून मी उभी. पाणी भरायला निघालेल्या बाया थांबून बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. सगळ्या पंचक्रोशीत पोरी भाकऱ्या थापायला शिकत होत्या आणि मी गोणपाट गुंडाळलेल्या खुंटाला लाथा घालत होते. तुमचं म्हणणं साधं होतं. लढाई थांबल्यावर कैद्यांवर पहारा करायला आपली पलटण कोरियात गेली होती, आणि तिथं एका कोरियन उस्तादानं तुम्हाला त्यांची विद्या दिली. ती मरू द्यायची नाही. पोरगा झाला नाही, मग पोरगी तर पोरगी. गावात तुम्हाला कोरियावाले नाईक म्हणायचे, आणि त्या नावानं हाक आली की तुमची मान जरा ताठ व्हायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

तुमच्या शिकवण्यात नुसती मारामारी नव्हती, हे पुढं पुण्याला गेल्यावर मला कळलं. तुम्ही सतत तुलना करायचात. तुमची मूळ विद्या तांगसू. एक मूठ सुटते तेव्हा दुसरी कमरेशी ओढलेली, लाथ मारायची तर गुडघा आधी छातीशी आणायचा, पायाची बोटं मागं वळवायची आणि चवड्यानं मारून पाय तितक्याच झपाट्यानं परत घ्यायचा. सगळं सरळ रेघेत, सगळं कडक. त्यांच्याकडच्याच दुसऱ्या एका जुन्या पायखेळाबद्दल तुम्ही सांगायचात. त्यातला माणूस दारू प्यायल्यासारखा डुलत पुढंमागं करतो आणि डुलता डुलता तुमचा घोटा उडवतो. ते करून दाखवताना तुमचं हे एवढं आडदांड शरीर असं काही हलायचं की मला हसू फुटायचं, आणि हसले की घोटा उडायचा. मग कमरेला आणि मांडीला फडकं बांधून खेळायची त्यांची कुस्ती. ती तुम्हाला आपल्यासारखी वाटायची, पण आपल्यात पाठ टेकली की संपलं, त्यांच्यात गुडघा टेकला तरी संपलं. "अन् तांगसूत?" मी एकदा विचारलं. "तांगसूत पाठ टेकली की सुरू हुतं," तुम्ही म्हणालात, आणि मला पाडून छातीवर गुडघा ठेवून ते समजावलंत. श्वास यायला मला बराच वेळ लागला.

पण माझं घोडं अडलं होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. आईनं मला पाळण्यात असल्यापासून शिकवलं होतं की कुणाला पाय लागला तर आधी त्याला हात लाव, मग तो हात कपाळाला ने. पुस्तकाला पाय लागला तरी तेच, सुपाला लागला तरी तेच. आणि इथं तर मी बापालाच लाथ मारत होते. माझा पाय तुमच्या पोटाला लागायचा, जरा बरा बसायचा, आणि त्याच झटक्यात माझा उजवा हात तुमच्या गुडघ्याकडे जायचा. झालं! चेहरा उघडा पडायचा आणि तुमची मूठ यायची. नाक फुटलं, ओठ फाटला, एकदा डावा डोळा आठवडाभर मिटला होता. "हात कुठं चाललाय? देवळात आलीस का?" तुम्ही ओरडायचात. मी शपथा घ्यायचे, हात कमरेच्या सुतळीत अडकवून ठेवायचे, तरी तो सुटून जायचा. ज्या दिवशी दात पडला त्या दिवशी तर मी तोंडातून रक्त गळत असताना दुसऱ्यांदा वाकले, कारण पडताना तुम्हाला पुन्हा पाय लागला होता. तुम्ही डोक्याला हात लावून खाली बसलात. आई तुम्हाला म्हणाली, "तुमाला तर लाज न्हाईच, पर तिला तरी हाय." त्यावर तुम्ही हसलात.

आणि माझं सगळं त्या हातावर टांगलेलं होतं. मला पुण्याला जायचं होतं, शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला. आमच्या शाळेच्या बाईंनी ते डोक्यात भरवलं होतं आणि ते काही निघत नव्हतं. मामांनी इकडे स्थळ पाहून ठेवलेलं, राहुरीकडचं, चांगलं बागायतदार. उन्हाळ्यात पाहुणे येणार, बार उडणार. मी तुमच्यापुढं रडले, जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खुंटाजवळ उभं राहून म्हणालात, "माझ्या अंगाएवढा गडी तिथं रस्त्यात आडवा आला तर काय करशील? मला पाड. लाथंनं पाड, ढकलून न्हाई. पाडशील त्या दिवशी तुझ्या मामाला मी सांगतो न्हाई म्हून. पावसाळ्याच्या आत न्हाई जमलं, तर मुकाट्यानं राहुरी." तुम्ही दिलेला शब्द मोडत नाही हे मला माहीत होतं. दोन्हीकडून मोडत नाही, हेही.

हवालदारकाका आले ते त्याच सुमारास. भिंगारच्या छावणीतला माणूस, मूळचा साताऱ्याकडचा, दुभती म्हैस बघायला बाजाराच्या आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. सकाळी तोंड धुता धुता त्यानं मला खुंटाला लाथा घालताना पाहिलं आणि तांब्या तसाच ठेवून आला. "पोरी, हे कुठलं? पण हे जुनं झालं गं." जुनं! तुमच्या कानावर तो शब्द पडला आणि तुम्ही हातातलं दावं खाली टाकलंत. काका व्हिएतनामात होते, आपल्याकडचे काही लोक तिथं देखरेखीला ठेवले होते तेव्हा. कोरियाची पलटण तिथं लढायला आलेली, आणि तिचे जवान रोज सकाळी तायक्वांदो करायचे. त्यातल्या एका सार्जंटकडून ते शिकले होते. त्यांच्या मते तुमच्या तांगसूत हाताचं फार आणि पायाचं कमी, उंची नाही, फिरकी नाही, कंबर नुसती पाहुण्यासारखी उभी. तुम्ही धोतर खोचलंत आणि म्हणालात, "बोलू नगा. या."

ती लढत मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते. काका हलके, चपळ. ते पाठ फिरवतात, मला वाटतं पळाले, आणि तेवढ्यात त्यांची टाच मागून येऊन तुमच्या पोटात शिरते. तुम्ही असे उडता की मागची दावण तुटते. उठता, पुन्हा जाता. आडवी लाथ, बरगडीखाली. पुन्हा उठता. तुमची मूठ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ते म्हणतात, "नाईक, बास करू का?" आणि हात पुढं करतात तुम्हाला उठवायला. तुम्ही तो हात धरता, स्वतःकडे ओढता आणि कपाळ त्यांच्या नाकावर आपटता. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. काका शेणात बसले, दोन्ही हातांच्या ओंजळीत रक्त, आणि बाई गं, हसायला लागले. "हे कुठलं?" त्यांनी त्या रक्तातून विचारलं. "ह्येबी कोरियाचंच," तुम्ही म्हणालात. "उत्तरंकडची लोकं लई भारी मारत्यात डोकं. तुमच्या सार्जंटानं शिकवलं न्हाई व्हय?"

त्या दिवसापासून दोघांचं असं जमलं की विचारू नका. काका रविवारी एसटीनं यायचे, नाक वाकडं घेऊन, आणि सबंध सकाळ तुम्ही दोघं मला मध्ये उभी करून माझ्यावर वाद घालायचात. शब्दशः माझ्यावर. काका एक लाथ माझ्या मांडीवर मारून दाखवायचे, तुम्ही त्यापेक्षा बरी दुसऱ्या मांडीवर. "चवडा खोल जातो," तुम्ही. "टाचेत कमरेचं वजन येतं," ते. "तुमच्या उड्या बघायला झ्याक, पर खंदकात काय करशीला?" "आणि तुम्ही जवळ येईपर्यंत माझी टाच तुमच्या छातीत असंल त्याचं काय?" संध्याकाळी मला दाराची एक पायरी चढवायची नाही. पण मी शिकत होते. काकांनी मला उभ्या पायाची टाच समोरच्याकडे वळवायला शिकवलं, आणि त्या एवढ्याशा गोष्टीनं माझी लाथ दुप्पट जड झाली. तुमच्या पोटावर ती बसली की तुम्ही एक पाऊल मागं जायला लागलात. एकच पाऊल, आणि मग माझा हात तुमच्या गुडघ्याकडे, आणि तुमची मूठ माझ्या तोंडावर. काकांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्यांना कळेना ही मध्येच वाकते का. सांगितल्यावर ते म्हणाले, "ह्यावर त्या सार्जंटाकडं काही उपाय नसंल." उन्हं तापायला लागली होती. राहुरीचे पाहुणे कधीही येतील असं चाललं होतं.

आता ते लिहिते ज्यासाठी बसले.

रविवारच होता. आपण तिघं आत येऊन जेवायला बसलो होतो. आई चुलीपुढं, रेशनच्या मिलो ज्वारीच्या त्या लाल भाकऱ्या थापत होती. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची तेव्हा. हाताला फोड आलेले, तरी पाहुणा आला म्हणून तोंड हसरं. काकांनी सहज विचारलं, "नाईक, तुमचा तो उस्ताद कसा होता हो दिसायला? किती दिवस शिकवलं त्यानं?" तुम्ही काही बोलायच्या आत आई बोलली. मला तिचा आवाजसुद्धा आठवतो, अगदी लाडाचा. "कुठला उस्ताद घिऊन बसलाव भाऊजी! तारंच्या पल्याड ते कैदी नाचायचे, अन् ह्ये अल्याड बंदूक घिऊन बघायचे. थंडीनं पाय गोठायचे म्हून त्यांच्यावानी हालवायचे. समदं बघून बघूनच की. मला सांगितलंय ह्यांनी." काका हसले. वाईट नाही हसले, कौतुकानं हसले. आणि मी, आबा, त्या एका क्षणात तुमच्याकडे पाहिलं ते अभिमानानं. नुसतं तारेतून बघून! कुणी हात धरला नाही, कुणी चूक दाखवली नाही, आणि तरी एवढं. मला वाटलं, आता मी हे सगळ्यांना सांगत सुटणार.

तुम्ही ताटावरून उठलात. गुडघा छातीशी आला. मी ते पाहिलं, कारण मला तेच बघायची सवय लावली होतीत तुम्ही. पायाची बोटं मागं वळली, कंबर पुढं आली आणि चवडा आईच्या उजव्या बरगडीत बसला. माझ्या लाथेत तुम्ही रोज ज्या चुका काढायचात त्यातली एकही त्यात नव्हती. आई चुलीच्या बाजूला लाकडांवर पडली. बांगड्या फुटल्या. तिच्या तोंडातून नुसती हवा आली, आवाज आलाच नाही. ती तशीच पडून तुमच्याकडे बघत होती आणि मी तुमच्या हाताकडे बघत होते. मला खरंच वाटत होतं की तो आता हलेल. पाय लागला होता, आबा. कुणाचाही हात हलला असता. रस्त्यात अनोळखी माणसाला चुकून पाय लागला तरी हलतो. तुमचा हलला नाही. तुम्ही तो कमरेशी मूठ वळून ठेवला होता, जसा ठेवायचा असतो.

काका उठले, हात धुतले आणि फाट्याकडे चालायला लागले. त्यांचाही मला राग आला, पण तो मागाहून. तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी काढली. तुम्ही बाहेर बाजारतळावर जाऊन बसलात. आईला उठवून मी भिंतीला टेकवलं, ती म्हणाली, "मीच बोलाया नगं हुतं." दुसऱ्या दिवशी ती खडी फोडायला गेली. हातोडी उचलली की एक हात बरगडीवर ठेवायची, मी पाहिलं. ठेकेदारानं विचारलं तर म्हणाली, म्हशीनं मारलं. म्हशीनं! मला तुमचा इतका राग आला की मला जेवताना तुमच्याकडे बघवेना. तुम्ही दोनदा हाक मारलीत खुंटाकडे चल म्हणून, मी गेले नाही. तुम्हाला वाटलं मी हरले. तुम्ही मामांना निरोप पाठवायची भाषा करू लागलात.

मग एका सकाळी मीच पँट घातली, सुतळी बांधली आणि तुमच्या बाजेपुढं येऊन म्हणाले, "चला." तुम्ही केवढे खूश झालात. सकाळच्या एसटीनं काकांना निरोप गेला, ते दुपारपर्यंत आले, ओशाळलेले. आईकडे न बघता त्यांनी पाणी घेतलं. उन्हाचा ताव असा की खुंटांना हात लावता येत नव्हता. तुम्ही सदरा काढलात. आई दारातून बघत होती, एरवी कधी बघायची नाही.

तुम्ही त्या दिवशी काही राखून मारलं नाहीत, हे मी मान्य करते. तसं केलं असतंत तर मला ते कळलं असतं. पहिल्याच मुठीत माझी भुवई फुटली आणि डोळ्यात रक्त आलं. मी एका डोळ्यानं लढले. तुम्ही त्या जुन्या पायखेळासारखे डुलायला लागलात, माझा घोटा उडाला, मी पडले, तुमचा गुडघा यायच्या आत लोळून उठले. तोंडात शेण गेलेलं. मी तुमच्या मांडीवर मारलं, पोटावर मारलं. तुम्ही मागं गेलात आणि नेहमीसारखे थांबलात, माझा हात खाली जायची वाट बघत. मूठ तयार होती तुमची. हात गेला नाही. तुम्ही क्षणभर गोंधळलात, हे मला दिसलं, जसा रोजचा माणूस दारात दिसला नाही की आपण गोंधळतो. आणि माझा गुडघा छातीशी आला, उभ्या पायाची टाच फिरली, आणि मी तुमच्या उजव्या बरगडीवर टाच घातली. कुठं घालायची ते मी घरून ठरवून आले होते. हरभऱ्याचा घाटा पायाखाली फुटावा तसं काहीतरी मला तळपायात कळलं. तुम्ही कडेवर पडलात, सगळं अंग एकदम, जशी ती दुष्काळातली जनावरं पडायची. उठायला गेलात आणि उठता येईना.

माझा हात जागेवर होता. मी उभी होते तुमच्यावर आणि मला वाईट वाटत नव्हतं. जरासुद्धा नाही. अजून एक घालावी असं वाटत होतं. घातली नाही ती फक्त काका मध्ये आले म्हणून. आणि तुम्ही शेणात पडून, तोंड वेडंवाकडं करून, श्वास घेता येत नसताना काय म्हणालात? "हात... हात न्हाई गेला! शाब्बास, वाघिणी! हात न्हाई गेला!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं तुमच्या, दुखण्याचं आणि आनंदाचं.

संध्याकाळी आई तुमच्या बरगडीला हळदीचा गरम लेप लावत होती. मी पाणी घेऊन गेले तशी तिनं मान वर न करता विचारलं, "लई जोरात बसलीय का गं?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं," आणि लेप लावत राहिली.

तुम्ही शब्द पाळलात. मामांना परत पाठवलंत, नात्यात वितुष्ट ओढवून घेतलंत आणि मला स्वतः पुण्याला पोचवलंत, प्रत्येक खड्ड्याला बरगडी धरत. तिथून माझं जे व्हायचं ते चांगलं झालं. आयुष्यभर पोरींना पळवलं, उड्या मारायला लावल्या, पाडलं, उठवलं. लग्नही केलं, माझ्या मर्जीनं, उशिरा. हे सगळं तुमच्यामुळं. पुढं तुम्ही आईवर कधी हात टाकला नाहीत, पाय तर नाहीच. पण त्या रविवारबद्दल तिला एक शब्दही बोलला नाहीत. बोलला असतात तर तिनं मला सांगितलं असतं.

आणि तुमचा आणि काकांचा वाद! वीस वर्षं चालवलात. "गुडघा छातीला लागला हुता, मी पडता पडता बघितलंय. तांगसू हाय ती." "नाईक, तुम्हाला टाच लागली. उभा पाय फिरला होता. तायक्वांदो." चहा आला तरी तेच, अंगणात बसून मीठ लावलेली कणसं खाताना तेच. मला साक्षीला ओढायचात. मी हसून म्हणायचे, तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही गेलात त्या वर्षीसुद्धा न्हावी दाढी करायला आला की त्याला सांगायचात. मागाहून काका गेले, मग आई गेली. आता त्या लाथेबद्दल भांडणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी सांगते. ती तांगसू नव्हती आणि तायक्वांदोही नव्हती. तुमच्या शिकवण्यानं माझा हात थांबला नाही, आबा. इतके दिवस मारून तुम्हाला तो थांबवता आला नव्हता. तुमचा हात चुलीपुढं थांबला, तो बघून माझा थांबला. ती लाथ आईची होती.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? कपाटात ठेवीन, नाहीतर सकाळी चुरगाळून टाकीन. तुम्ही जिवंत असताना सांगायला माझ्याकडे भरपूर वेळ होता. सुट्टीला आले की तुम्ही पाहुण्यांपुढं सदरा वर करायचात, बरगडीचा तो उंचवटा दाखवायचात आणि म्हणायचात, "हात लावून बघा. माझ्या पोरीनं मोडलीय." दर वेळी माझ्या ओठावर यायचं. पण ते सांगताना तुम्ही जसे हसायचात तसे एरवी कधी हसला नाहीत, आणि तुमचं ते हसू जावं असं मला वाटायचं नाही. आई चहाचे कप घेऊन तिथंच उभी असायची, तरीसुद्धा वाटायचं नाही.